कौतुकाविना न टिकणारे मोठेपण

माणूस स्वतःवर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करू लागला की तो नार्सिसिस्ट होतो, अशी समजूत हल्ली सर्रास आढळते. गोव्यातल्या फोंड्याला उच्च माध्यमिकच्या वर्गात मानसशास्त्र शिकवताना हा शब्द मला विद्यार्थ्यांच्या तोंडून सतत ऐकू येतो, आणि आता तो त्यांच्या पालकांच्या बोलण्यातही उतरला आहे. नवरा, सासू, वरिष्ठ अधिकारी, दुरावलेला मित्र, ज्याने म्हणून दुखावले त्याच्यावर हा शिक्का मारला जातो आणि शिक्का मारल्यावर विचार तिथेच थांबतो. त्या माणसाच्या मनात नेमके काय घडते, एवढ्याशा बोलण्याने तो एवढा का पेटतो, कौतुकाचा ओघ आटला की त्याचा चेहरा का उतरतो, हे प्रश्न मग कोणी विचारतच नाही. मला हे प्रश्न फार महत्त्वाचे वाटतात, कारण माझ्या मते आत्मरती, म्हणजेच नार्सिसिझम, हा स्वभावातला एखादा दगडासारखा घट्ट दोष नसून ती अहोरात्र चालणारी एक क्रिया आहे, आणि ती क्रिया कशी चालते हे कळल्याशिवाय त्या माणसाशी कसे वागावे हेही कळत नाही.

प्रथम एक भेद सांगायला हवा. आत्मरती हा गुण कमीअधिक प्रमाणात सगळ्यांत असतो. तिचा विकार मात्र मोजक्यांना असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हा व्यक्तिमत्त्व विकार म्हणून पहिल्यांदा आला तो १९८० साली, तिसऱ्या आवृत्तीत. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत त्याची नऊ लक्षणे दिली आहेत आणि निदानासाठी त्यांतली किमान पाच असावी लागतात. स्वतःच्या थोरवीची अवास्तव कल्पना, अमर्याद यशाची वा सत्तेची स्वप्ने, कौतुकाची अतोनात गरज, खास वागणूक हा आपला हक्कच असल्याची भावना, दुसऱ्याचा वापर करून घेणे, सहानुभूतीचा अभाव, मत्सर, उद्धटपणा ही त्यांतली काही. शिवाय ही लक्षणे आयुष्याच्या अनेक क्षेत्रांत, तारुण्याच्या सुरुवातीपासून दिसत असली पाहिजेत. याउलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत असे वेगवेगळे प्रकार जवळजवळ काढूनच टाकले आहेत. व्यक्तिमत्त्वातला बिघाड किती तीव्र आहे याला तिथे महत्त्व दिले आहे. जगातल्या दोन मोठ्या संस्थांची वाटच जिथे वेगळी आहे, तिथे आपण शेजाऱ्याचे निदान ओट्यावर बसून करू नये, एवढा संयम मला आवश्यक वाटतो.

आता मूळ क्रियेकडे येतो. आमच्या तालुक्यातल्या अनेक देवळांत कालोत्सवाला किंवा जत्रेला गावकरी स्वतः मराठी नाटक बसवतात, आणि त्याच्या तालमी महिनाभर आधीपासून देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरण्याच्या इमारतीत, रात्री जेवणे आटोपल्यावर सुरू होतात. अशा एका तालमीत मी बसलो होतो. मुख्य भूमिका करणारे गृहस्थ गावातले नावाजलेले नट, आवाज खणखणीत, रंगभूमीवरचा वावर खरोखर देखणा. दुसऱ्या अंकात ते एक वाक्य चुकले. प्रॉम्प्टिंगला बसलेला कॉलेजचा मुलगा वहीतून मान वर करून आदराने म्हणाला, "भाई, ते वाक्य पुढच्या प्रवेशातलं आहे." ते थांबले. क्षणभर चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, मग मान व कान तांबडे झाले. "ही वही कोणी उतरवली? घोळ तिथेच आहे," ते म्हणाले. वही तपासली तेव्हा ती बरोबर निघाली. त्यावर त्यांनी लगेच विषय बदलला आणि पूर्वी एका स्पर्धेत परीक्षकांनी आपल्याला काय सांगितले होते ते तरुण नटांना सांगू लागले. मुले भारावून ऐकत राहिली आणि भाईंच्या खांद्यांतला ताण उतरलेला दिसला. त्यानंतरचा अख्खा तास त्या मुलाचा एकही उच्चार त्यांना पसंत पडला नाही. "तुला श आणि ष कळत नाही, तू नाटकात कशाला येतोस?" असे त्याला सगळ्यांसमोर ऐकवण्यात आले.

हा प्रसंग किरकोळ आहे आणि त्यावरून त्या गृहस्थांना विकार आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण आत्मरतीचे सगळे यंत्र त्यात उघडे पडलेले दिसते. एक बारीकशी दुरुस्ती कानावर आली. मनाने ती 'वाक्य चुकले' अशी न घेता 'मी कमी पडलो, आणि ते लोकांसमोर' अशी घेतली. त्यातून शरमेचा एक लोळ उठला, जो इतका असह्य होता की तो जाणिवेत पुरता येण्याआधीच दोष वहीवर ढकलला गेला. वही निर्दोष ठरताच कौतुकाचा दुसरा झरा शोधला गेला. आणि शेवटी ज्याने जखम केली त्याची किंमतच शून्यावर आणली गेली, कारण ज्याला काही कळत नाही त्याने काढलेल्या चुकीला वजन उरत नाही. कॅरोलिन मॉर्फ आणि फ्रेडरिक रोडवॉल्ट या संशोधकांनी २००१ साली आत्मरतीची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे. त्यांच्या मते या माणसांच्या मनात स्वतःची एक भव्य पण ठिसूळ प्रतिमा असते, ती टिकवण्यासाठी ते सतत इतरांकडून पावती मिळवत राहतात, आणि पावती मिळवण्याच्या त्यांच्या रीतीच अशा असतात की ज्यांच्याकडून ती हवी तीच माणसे दुरावतात. माणसे दुरावली की पावतीची भूक आणखी वाढते. हे चक्र बाहेरून उद्दाम दिसते; आतून ते फार दमवणारे असणार, असे मला नेहमी वाटते.

अपमानानंतरच्या आक्रमकतेवर ब्रॅड बुशमन आणि रॉय बॉमिस्टर यांचा १९९८चा एक प्रयोग विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो. त्यात सहभागी व्यक्तींनी निबंध लिहिले आणि काहींना त्यावर अत्यंत कठोर शेरा मिळाला. नंतर प्रतिसादाच्या वेगाची एक स्पर्धा झाली, जिच्यात प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाजाचा झटका देता येत होता. आत्मरती जास्त असलेल्यांनी शेरा मारणाऱ्याला सर्वांत तीव्र झटके दिले. प्रतिस्पर्धी कोणी तिसराच, निरपराध माणूस असला तर मात्र तसे घडले नाही. म्हणजे हा राग आंधळा नसतो. ज्याने आरसा तडकवला त्याच्याच दिशेने तो जातो. आणखी एक गोष्ट या प्रयोगातून दिसली, ती मला अधिक मोलाची वाटते: निव्वळ आत्मसन्मान जास्त की कमी यावरून आक्रमकतेचा अंदाज बांधता आला नाही. स्वतःला मान देणे वेगळे आणि इतरांपेक्षा वरचढ असण्याची गरज वेगळी.

दिमाखदार, बोलघेवडा, सभा जिंकणारा असा एकच चेहरा आपण आत्मरतीला देतो, पण तिचा दुसरा चेहरा मुका असतो आणि तो ओळखणे कितीतरी अवघड जाते. पॉल विंक यांनी १९९१ साली वेगवेगळ्या मापनपट्ट्यांचे विश्लेषण करून दाखवले की त्यांत दोन निराळे प्रवाह आहेत, एक भव्यता आणि प्रदर्शनाचा, दुसरा हळवेपणा आणि असुरक्षिततेचा. स्वतःला मोठे मानणे व इतरांकडे दुर्लक्ष करणे हे दोहोंतही समान होते. आपल्याकडे चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हा दुसरा प्रकार जवळून पाहायला मिळतो. मूळ घरात सगळी भावंडे जमलेली असतात, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झालेली असते, आरतीचे ताट कोणाच्या तरी हाती आधी जाते, आणि घरातले एक काका काही न बोलता माडीवर जाऊन झोपतात. जेवायला बोलावले तर भूक नाही म्हणतात. ते भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. आपला मान कोणी राखला नाही ही खंत मात्र ते पुढच्या चवथीपर्यंत जपतात, आणि घरातल्या बायका वर्षभर त्यांची मर्जी सांभाळत राहतात. अशा माणसाला आपण 'हळवा' म्हणतो. तो हळवा असतोच, पण त्याचा हळवेपणा स्वतःपुरता असतो; त्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी राबणाऱ्या वहिनीचे मन कशाने दुखावले असेल, हा प्रश्न त्याला शिवत नाही. अर्थात कधीतरी रुसणारा प्रत्येक माणूस या गटात बसत नाही. बहुतेक रुसवे संध्याकाळच्या आरतीपर्यंत मावळतात. अलीकडच्या मांडण्यांत या दोन चेहऱ्यांना दोन स्वतंत्र जाती न मानता, एकाच माणसात परिस्थितीनुसार आळीपाळीने येणाऱ्या अवस्था असेही पाहिले जाते, आणि मला ते अधिक पटते: सभेत गर्जणारा गृहस्थ निवृत्तीनंतर मुका होतो तेव्हा त्याची आत्मरती संपलेली नसते, तिचा श्रोतृवर्ग फक्त गेलेला असतो.

या भव्यतेच्या मुळाशी न्यूनगंडच असतो का? मनोविश्लेषकांची परंपरा बहुतांशी 'हो' म्हणते. फ्रॉइड यांनी १९१४च्या निबंधात आत्मरती ही बालपणाची एक नैसर्गिक अवस्था मानली आणि पुढे ती स्वतःबद्दलच्या आदर्शात रूपांतरित होते असे सांगितले. हाइन्झ कोहुट यांनी १९७१ साली मांडले की लहान मुलाला आपले कौतुक परावर्तित करणारे कोणी हवे असते आणि ज्याच्या थोरवीत आसरा घ्यावा असेही कोणी हवे असते. या गरजा नीट पुरवल्या गेल्या नाहीत तर मोठेपणीही माणूस त्याच शोधत राहतो. त्यांच्या दृष्टीने हा विकासाचा अडकलेला टप्पा होता. ऑटो कर्नबर्ग यांना त्यात संताप व मत्सर यांचे प्रमाण मोठे दिसले: भव्य प्रतिमा ही आतल्या रिकामपणापासून आणि इतरांवर अवलंबून राहण्याच्या भयापासून बचाव करणारी भिंत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपचारांसाठी येणाऱ्या माणसांबद्दल हे दोन्ही वर्णन खरे असावे. मात्र प्रयोगशाळेत, सर्वसाधारण लोकांमध्ये, 'वर थोरवी आणि आत लपलेला न्यूनगंड' हे साधे सूत्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. कीथ कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की आत्मरती असलेली माणसे हुशारी, कर्तृत्व, प्रभाव अशा गुणांत स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजतात, पण मायाळूपणा, प्रामाणिकपणा यांसारख्या माणसे जोडणाऱ्या गुणांत तसा दावा करत नाहीत. ही गोष्ट मला न्यूनगंडाच्या सूत्रापेक्षा जास्त बोलकी वाटते. माणसाने स्वतःची किंमत एकाच खांबावर, जिंकण्याच्या खांबावर, उभी केलेली असते. नात्यांतून मिळणारा आधार त्याच्या हिशेबातच नसतो, म्हणून एक हार झाली की त्याला टेकायला दुसरे काही उरत नाही.

सहानुभूतीचा अभाव हे लक्षण सगळ्यांच्या तोंडी असते, पण त्यातही खोलात जावे लागते. दुसऱ्याला काय वाटते हे ओळखणे ही एक क्षमता आहे आणि ते आपल्याला जाणवणे ही दुसरी. आत्मरती असलेल्या पुष्कळ माणसांची पहिली क्षमता शाबूत असते. समोरच्याला काय आवडेल, कोणत्या शब्दाने तो विरघळेल, हे त्यांना नेमके उमगते. कमी पडते ती दुसरी, आणि तीही कायमची मेलेली नसते. एरिका हेपर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली केलेल्या अभ्यासात सहभागी व्यक्तींना घरातल्या हिंसाचाराचा अनुभव सांगणाऱ्या एका स्त्रीची चित्रफीत दाखवली. नुसती पाहायला सांगितली तेव्हा आत्मरती जास्त असणाऱ्यांना तिच्याबद्दल फारसे काही वाटले नाही. 'तिच्या जागी राहून विचार करा' असे स्पष्ट सांगितल्यावर मात्र त्यांची सहानुभूती वाढली, आणि अशा सूचनेचा परिणाम त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांतही दिसला. म्हणजे दार असते, पण आपण होऊन ते उघडण्याची सवय नसते.

मग हे येते कुठून? अनुवंशाचा वाटा आहे हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. त्याहून जास्त ज्यावर मला थांबावेसे वाटते ते घरातल्या वळणावर, कारण तिथे आपल्या हाती काहीतरी असते. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी ७ ते ११ वर्षांच्या ५६५ मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा दर सहा महिन्यांनी, चार वेळा अभ्यास केला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध केला. आपले मूल इतर मुलांपेक्षा विशेष आहे, त्याला आयुष्यात काही खास मिळायलाच हवे, असे मानणाऱ्या पालकांच्या मुलांत पुढे आत्मरती वाढलेली दिसली. ज्यांना आईवडिलांचा जिव्हाळा मिळतो असे वाटत होते त्यांचा आत्मसन्मान वाढला. जिव्हाळा कमी असल्याने आत्मरती वाढते, असे मात्र त्या अभ्यासात आढळले नाही. 'तू मला हवा आहेस' आणि 'तू सगळ्यांपेक्षा वरचा आहेस' या दोन संदेशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मूल ते अंतर बरोबर टिपते.

आमच्याकडच्या पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. शाळेचे स्नेहसंमेलन, गायनाची स्पर्धा, शिगम्यातली वेशभूषा स्पर्धा, आणि आता मोबाइलवर चढवायचे मुलांचे व्हिडिओ, या सगळ्यांत मुलाला पुढे करणे वाईट नाही. गोव्यात संगीत-नाटकाची आवड अशीच पिढ्यान्पिढ्या टिकली. प्रश्न येतो तो घरी परतल्यावर. दुसरा क्रमांक मिळालेल्या मुलीला गाडीत बसता बसता "परीक्षकांनाच काही कळत नाही, पहिली तूच होतीस" असे सांगितले जाते, तेव्हा तिला दोन गोष्टी शिकवल्या जातात: दुसरे येणे ही लाज आहे, आणि लाज वाटली की दोष दुसऱ्यावर टाकायचा. अग्रशाळेतल्या त्या वहीचा उगम मला अशा गाड्यांमध्ये दिसतो. त्याऐवजी कोणी "वाईट वाटलं ना? मधला आलाप सुंदर झाला, शेवटी श्वास कमी पडला" असे म्हणाले, तर तिला हार सोसता येते आणि हरलेली ती घरात तितकीच प्रिय असते. इतके साधे बोलणे आपल्याला जड का जाते, याचे उत्तर बहुधा पालकांच्या स्वतःच्या मानापमानात असते. मुलाचा क्रमांक हा आपला क्रमांक झालेला असतो.

दुसऱ्या बाजूचाही विचार करायला हवा, कारण कौतुक मागणाऱ्याइतकेच कौतुक देणारेही या क्रियेत गुंतलेले असतात. डेलरॉय पॉलस यांनी १९९८ साली अनोळखी विद्यार्थ्यांचे गट आठवड्यातून एकदा बोलायला बसवले. स्वतःला वाढवून सांगणारे विद्यार्थी पहिल्या भेटीत सगळ्यांना आवडले, कर्तबगार वाटले. सातव्या भेटीपर्यंत तेच गटाला नकोसे झाले. मंडळाच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत, पंचायतीत, नोकरीच्या मुलाखतीत आपण माणसाला पहिल्याच भेटीवर निवडतो. आत्मविश्वास आणि योग्यता यांतला फरक कळायला जेवढा सहवास लागतो तेवढा आपण देतच नाही.

इथे मला पणजीतल्या जुन्या सचिवालयाजवळच्या अब्बे फारिया यांच्या पुतळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले हे गोमंतकीय धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत होते, तेव्हा प्रचलित मत असे होते की संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही चुंबकीय शक्ती असते. फारिया यांनी ते नाकारले. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात, त्याच्या कल्पनाशक्तीच्या आणि श्रद्धेच्या बळावर घडते, माझ्यात काही अलौकिक नाही, अशी त्यांची भूमिका होती. समोर भारावलेला श्रोतृवर्ग असताना शक्तीचे श्रेय त्याला परत देणे किती कठीण असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. त्यांच्या सिद्धान्ताचा उपयोग मला इथेही होतो: प्रभावी माणसाचा प्रभाव बराचसा आपल्याच मनात तयार होतो, आणि म्हणून तो थोडा मागेही घेता येतो.

घरात असे कोणी असेल तर काय करावे, हे मला लोक विचारतात. वाद घालून त्यांना त्यांची चूक पटवण्याचा प्रयत्न सहसा वाया जातो, कारण पटवणे हीच त्यांच्या दृष्टीने जखम असते. दुरुस्ती करायचीच असेल तर ती चार लोकांत न करता एकट्याने भेटून करावी. मर्यादा घालायची तर थोडक्यात, शांतपणे, कारणांची यादी न देता घालावी आणि ती पाळावी. जिथे धमकी, मारहाण किंवा सतत मानहानी आहे तिथे मात्र समजून घेण्याचे ओझे पीडित व्यक्तीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. तिथे आधी सुरक्षितता पाहावी लागते.

ही माणसे स्वतःहून उपचारांना क्वचितच येतात, आणि आली तरी आत्मरतीसाठी येत नाहीत. निवृत्तीनंतरचे नैराश्य, दारू, मोडलेला संसार, धंद्यातली खोट अशा कारणांनी ती मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचतात. या स्वभावावर थेट चालणारे औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर आहे. मुख्य उपचार बोलण्याचाच, आणि तो दीर्घ असतो. त्यात तज्ज्ञाचे कौतुक होते, मग एखाद्या दिवशी तो पाच मिनिटे उशिरा येतो आणि रुग्णाच्या लेखी एकदम कवडीमोलाचा ठरतो. नेमक्या याच ठिकाणी काम सुरू होते. एरवी क्षणार्धात उरकणारी क्रिया, म्हणजे दुखावणे, शरम, दोषारोप, तुच्छता, तिथे सावकाश उलगडून पाहिली जाते, आणि कधीतरी रुग्ण "तुम्ही बेजबाबदार आहात" याऐवजी "मी वाट पाहत होतो, मला वाईट वाटलं" असे म्हणू शकतो. तिथवर यायला महिने, कधी वर्षे जातात आणि बरेच जण मध्येच सोडून जातात. घरच्यांनी मात्र त्यांच्या तयार होण्याची वाट पाहत बसू नये. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा १४४१६ या टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर त्यांना स्वतःसाठी सल्ला घेता येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाचे निदान झालेले असण्याची गरज नसते.